व्यावसायिक बास्केटबॉलच्या खेळशैलीतील स्थित्यंतरे : नियम, सराव आणि अंकगणित

प्रस्तावना :

खेळाचे स्वरूप त्याच्या नियमपुस्तिकेत सामावलेले असते असा एक सर्वसाधारण समज आहे. मैदानाची मापे, खेळाडूंची संख्या आणि गुणांची पद्धत ठरली की खेळही ठरला, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात मात्र नियम तोच राहून खेळ ओळखू येणार नाही इतका बदलल्याची उदाहरणे क्रीडा-इतिहासात आढळतात. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल हे त्यांपैकी एक ठळक उदाहरण होय. तेथील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनने (यापुढे 'एन.बी.ए.') १९७९-८० च्या हंगामात तीन गुणांची रेषा स्वीकारली. त्या हंगामात एक संघ एका सामन्यात या रेषेबाहेरून सरासरी तीनपेक्षाही कमी वेळा चेंडू फेकत असे. २०२४-२५ च्या हंगामात हीच सरासरी ३७ च्या पुढे गेली. बास्केटची उंची तीच दहा फूट राहिली, तीन गुणही तेच राहिले आणि मधली तीन वर्षे सोडल्यास रेषेचे अंतरही बदलले नाही. मग बदलले ते काय, आणि त्याला इतका काळ का लागला, हा प्रश्न केवळ क्रीडारसिकांपुरता मर्यादित नाही. एखादी नवी संधी समोर असूनही एखादे क्षेत्र ती दीर्घकाळ का वापरत नाही, या व्यापक प्रश्नाशी तो निगडित आहे.

उद्दिष्टे :

१. व्यावसायिक बास्केटबॉलच्या खेळशैलीतील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेणे.
२. नियमबदल व खेळशैली यांतील परस्परसंबंध स्पष्ट करणे.
३. तीन गुणांच्या रेषेचा पुरेपूर वापर होण्यास लागलेल्या विलंबाची कारणमीमांसा करणे.

व्याप्ती व पद्धती :

प्रस्तुत लेख एन.बी.ए. या संघटनेपुरता मर्यादित असून त्यात वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचनासाठी नियमांतील बदलांचा इतिहास आणि हंगामनिहाय प्रसिद्ध आकडेवारी यांचा आधार घेतला आहे.

विवेचन :

१) संथ खेळाचा काळ

डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबर महिन्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात या खेळाचा आरंभ केला. हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता येईल असा व्यायामप्रकार विद्यार्थ्यांना देणे हा त्यामागील हेतू होता. त्यांच्या मूळ तेरा नियमांनुसार चेंडू घेऊन धावता येत नसे. जेथे चेंडू मिळाला तेथूनच तो पुढे फेकावा लागे. आज या खेळाची ओळख बनलेले ड्रिबल त्या नियमांत नव्हते. खेळाडूंनी नियमातील पळवाट शोधली आणि तीच पुढे खेळाचे मूलभूत कौशल्य ठरली. खेळाडू आणि नियम यांच्यातील ही ओढाताण या खेळाच्या जन्मापासूनच सुरू झाली, असे म्हणता येईल.

१९४६ साली स्थापन झालेल्या बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका या संघटनेतून आणि १९४९ मधील विलीनीकरणातून एन.बी.ए.ला आजचे नाव मिळाले. त्या काळी चेंडू किती वेळ आपल्याकडे ठेवावा यावर कोणतेही बंधन नव्हते. त्यामुळे आघाडी मिळवलेला संघ चेंडू केवळ आपापसांत फिरवत राही, तर मागे पडलेल्या संघाला तो मिळवण्यासाठी फाऊल करण्यावाचून गत्यंतर नसे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सचा १९-१८ असा पराभव केला. लेकर्सचा उंचापुरा सेंटर जॉर्ज मायकन याच्यापर्यंत चेंडू पोहोचूच नये म्हणून पिस्टन्सने तो दाबून ठेवला होता. तरीही लेकर्सच्या १८ गुणांपैकी १५ गुण एकट्या मायकनचे होते. एन.बी.ए.च्या इतिहासातील ही नीचांकी गुणसंख्या होय. पिस्टन्सने कोणताही नियम मोडला नव्हता. मात्र तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांना खेळ पाहावयास मिळाला नव्हता.

२) चोवीस सेकंदांचा नियम

या पेचावर सिरॅक्यूज नॅशनल्स या संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी सुचवलेला उपाय साध्या भागाकारावर आधारलेला होता. रंगतदार वाटणाऱ्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा चेंडू फेकतात असे त्यांचे निरीक्षण होते. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. त्यास १२० ने भागले असता २४ सेकंद येतात. १९५४-५५ च्या हंगामापासून प्रत्येक संघाने २४ सेकंदांच्या आत बास्केटच्या दिशेने चेंडू फेकलाच पाहिजे, असा नियम लागू झाला. त्याआधीच्या हंगामात एका संघाची सरासरी गुणसंख्या ७९.५ होती, ती एकाच वर्षात ९३.१ झाली.

या नियमाने खेळाला गती दिली, आणि त्या गतीचा सर्वाधिक लाभ प्रशिक्षक रेड ऑरबाख यांच्या बॉस्टन सेल्टिक्सने घेतला. बिल रसेल हा त्यांचा सेंटर प्रतिस्पर्ध्याची फेक अडवताना चेंडू मैदानाबाहेर न भिरकावता आपल्या सहकाऱ्यांच्या हाती जाईल अशा बेताने अडवी, आणि बचावातूनच जलद आक्रमण सुरू होई. १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत या संघाने अकरा विजेतीपदे पटकावली. १९६१-६२ मध्ये एका संघाची सरासरी गुणसंख्या ११८ च्या पुढे गेली होती. ती २०२४-२५ च्या सरासरीपेक्षाही अधिक आहे. यावरून तेव्हाचे खेळाडू अधिक अचूक होते असे मात्र समजू नये. त्या काळी एक संघ सामन्यात शंभराहून अधिक फेकी करी आणि त्यांतील सत्तावन्न टक्क्यांच्या आसपास फेकी वाया जात. खेळ वेगवान होता, काटकसरीचा नव्हता.

३) उंचीचे वर्चस्व आणि त्यावरील उपाय

जो खेळाडू बास्केटच्या जवळ आणि अधिक उंच, त्याला गुण मिळवणे सोपे, हे या खेळातील उघड सत्य होय. मायकनचा प्रभाव कमी करण्यासाठी बास्केटखालच्या ज्या पट्ट्यात आक्रमक खेळाडूला तीन सेकंदांपेक्षा अधिक काळ थांबता येत नाही, त्याची रुंदी १९५१ साली सहा फुटांवरून बारा फूट करण्यात आली. पुढे सात फूट एक इंच उंचीचा विल्ट चेंबरलेन आला. त्याने १९६१-६२ च्या हंगामात सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण मिळवले आणि २ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकाच सामन्यात १०० गुणांचा विक्रम केला. १९६४ मध्ये हा पट्टा सोळा फूट रुंद झाला. तथापि उंच खेळाडूला बास्केटपासून दूर लोटण्याचे हे उपाय तात्पुरते ठरले. 'चेंडू आत द्या, उंच खेळाडू गुण मिळवेल' हे सूत्र पुढील तीन दशके प्रशिक्षणाचा पाया राहिले.

४) नव्या खेळाडूंसोबत आलेली नवी शैली

केवळ नियमांच्या आधारे शैलीचा इतिहास सांगणे अपुरे ठरेल. १९५० पर्यंत एन.बी.ए.मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना स्थान नव्हते. त्या वर्षी अर्ल लॉइड, चक कूपर आणि नॅट क्लिफ्टन यांच्यासाठी हे दार उघडले. त्यांच्यानंतर आलेल्या पिढ्यांनी न्यूयॉर्कमधील हार्लेमसारख्या वस्त्यांतील उघड्या मैदानांवर घडलेला खेळ आपल्यासोबत आणला. हवेत असतानाच दिशा बदलणे, एकास एक लढतीत प्रतिस्पर्ध्याला हुलकावणी देणे, चेंडू वरून थेट बास्केटमध्ये दडपणे ही या खेळाची वैशिष्ट्ये होती. १९६७ साली सुरू झालेल्या अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन (ए.बी.ए.) या प्रतिस्पर्धी संघटनेत, विशेषतः ज्युलियस अर्विंगच्या खेळात, ही शैली बहरली. लाल-पांढऱ्या-निळ्या चेंडूप्रमाणेच तीन गुणांची रेषा हेही या संघटनेचे वैशिष्ट्य होते. १९७६ मध्ये ए.बी.ए. बंद पडून तिचे चार संघ एन.बी.ए.मध्ये सामील झाले. खेळाडू त्याच वर्षी आले; रेषा मात्र तीन वर्षांनी आली.

५) तीन गुणांची रेषा : उपेक्षेची दोन पर्वे

रेषा आली तेव्हा ती प्रेक्षकांसाठीची करमणूक मानली गेली. ही उपेक्षा म्हणजे प्रशिक्षकांचे अज्ञान होते, असा निष्कर्ष आज सहज काढला जातो. आकडेवारी मात्र वेगळे सांगते. १९७९-८० मध्ये या रेषेबाहेरील फेकींची अचूकता सुमारे २८ टक्के होती. म्हणजे शंभर फेकींतून साधारण ८४ गुण मिळत. दोन गुणांच्या फेकी तेव्हा ४८-४९ टक्के अचूक असल्याने शंभर फेकींतून ९७ च्या आसपास गुण मिळत. तेव्हा प्रशिक्षकांचा निर्णय त्या क्षणी बरोबरच होता. येथे एक दुष्टचक्र दिसते. लांबची फेक फायद्याची नव्हती म्हणून तिचा सराव होत नव्हता, आणि सराव होत नव्हता म्हणून ती फायद्याची ठरत नव्हती.

हे चक्र दोन गोष्टींनी भेदले. पहिली गोष्ट पिढीची. रेषा आली तेव्हा मैदानात असलेले खेळाडू तिच्याशिवाय घडलेले होते. ती जमिनीवर आखलेली पाहतच मोठी झालेली मुले पुढे आली. दुसरी गोष्ट काहीशी अनपेक्षित होती. १९९४-९५ ते १९९६-९७ या तीन हंगामांत २३ फूट ९ इंचांवरची ही रेषा सर्वत्र २२ फुटांवर आणण्यात आली. आदल्या हंगामात दहाच्या आत असलेली सरासरी एकदम पंधराच्या पुढे गेली. १९९७-९८ मध्ये रेषा पुन्हा मूळ जागी नेल्यावर फेकी घटल्या खऱ्या, पण त्या बाराच्या वरच राहिल्या. सवलत काढून घेतली तरी सवलतीच्या काळात लागलेली सवय मागे उरली.

१९९० च्या दशकाअखेर अचूकता ३५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली होती. म्हणजे शंभर फेकींतून १०५ गुण. तर दोन गुणांच्या शंभर फेकींतून अद्याप शंभराहून कमीच गुण मिळत. बास्केटजवळील खेळात मिळणाऱ्या फ्री थ्रोंचा हिशेब वेगळा धरला तरी मध्यम पल्ल्यावरून केलेल्या दोन गुणांच्या फेकीपेक्षा लांबची फेक आता निश्चितपणे लाभदायक होती. तरीही २०११-१२ पर्यंत सामन्यामागे सरासरी अठराच फेकी होत होत्या. या दुसऱ्या पर्वातील उपेक्षा मात्र गणिताने समर्थनीय ठरत नाही. ती परंपरेची होती. प्रशिक्षकांच्या जागी बसलेली पिढी ज्या खेळात घडली होती, तोच खेळ ती शिकवत होती.

६) बचावाचा अतिरेक आणि नियमांची दुरुस्ती

या दरम्यान खेळ दुसऱ्याच दिशेने गेला होता. १९८० च्या दशकात मॅजिक जॉन्सनचा लॉस एंजेलिस लेकर्स आणि लॅरी बर्डचा बॉस्टन सेल्टिक्स यांनी वेगवान, पासवर आधारलेला खेळ लोकप्रिय केला. त्यानंतर १९८९ व १९९० चे विजेते डेट्रॉइट पिस्टन्स यांनी धसमुसळ्या बचावाचा पायंडा पाडला. मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सने १९९१ ते १९९८ या काळात सहा विजेतीपदे जिंकली, तरी जॉर्डनच्या अलौकिक खेळाचे अनुकरण करताना इतर संघांच्या हाती बहुधा एका खेळाडूने चेंडू धरून ठेवणे आणि उरलेल्या चौघांनी पाहत राहणे एवढेच लागले. १९९८-९९ मध्ये सरासरी गुणसंख्या ९१.६ पर्यंत घसरली.

त्यावर उपाय म्हणून २००१-०२ पासून क्षेत्ररक्षण पद्धतीच्या बचावावरील बंदी उठवण्यात आली, तर २००४-०५ पासून चेंडू असलेल्या खेळाडूला हाताने रोखून धरण्यावर कडक निर्बंध आले. पहिल्या बदलामुळे बचाव करणाऱ्यांना बास्केटभोवती गर्दी करण्याची मोकळीक मिळाली. ही गर्दी फोडण्याचा मार्ग एकच होता : बाहेरून अचूक फेक करणारे खेळाडू दूर उभे करून बचावपटूंना बाहेर खेचणे. दुसऱ्या बदलामुळे चपळ गार्डला आत घुसणे सुकर झाले. २००४-०५ मध्ये माइक डँटोनी यांच्या मार्गदर्शनाखाली आणि स्टीव्ह नॅशच्या नेतृत्वाखाली फिनिक्स सन्सने याच सूत्रावर ६२ सामने जिंकले. नियमकर्त्यांना एकट्या खेळाडूचा खेळ थांबवायचा होता. त्यातून मैदान रुंदावणारा खेळ जन्मास आला.

७) अंकगणिताचा विजय

२०१३-१४ च्या हंगामापासून सर्व क्रीडागृहांत छताजवळ कॅमेरे बसवून प्रत्येक खेळाडूची आणि चेंडूची हालचाल नोंदवली जाऊ लागली. कोणत्या जागेवरून केलेली फेक किती मोलाची, हे अंदाजाऐवजी मोजमापाने कळू लागले. याच सुमारास गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या स्टीफन करीने २०१५-१६ मध्ये एका हंगामात तीन गुणांच्या ४०२ फेकी यशस्वी केल्या. आधीचा उच्चांक त्याचाच, २८६ चा होता. १९८८ साली जन्मलेला करी हा रेषेनंतरच्या पिढीचा. त्याचे वडील डेल करी हेही एन.बी.ए.मध्ये लांब पल्ल्याच्या फेकीसाठी ओळखले जात. जे कौशल्य पहिल्या पिढीत संघातील एखाद्याचे वैशिष्ट्य होते, ते दुसऱ्या पिढीत संपूर्ण संघाचा पाया बनले.

या बदलाची सर्वाधिक झळ पारंपरिक सेंटरला पोहोचली. ब्रूक लोपेझ या सात फुटी खेळाडूने आपल्या पहिल्या आठ हंगामांत मिळून तीन गुणांच्या केवळ तीन फेकी यशस्वी केल्या होत्या. २०१६-१७ या एकाच हंगामात त्याने १३४ केल्या. ज्याला असे बदलता आले तो टिकला; ज्याला जमले नाही त्याच्यासाठी संघातील जागा आक्रसली. २०१३ च्या ऑल स्टार सामन्यापासून मतपत्रिकेवरून 'सेंटर' हे स्वतंत्र स्थानच काढून टाकण्यात आले.

या तर्काची परिसीमा २०१७-१८ च्या ह्यूस्टन रॉकेट्समध्ये दिसते. दोन गुणांच्या फेकींपेक्षा तीन गुणांच्या फेकी अधिक करणारा हा पहिला संघ. त्यांनी ६५ सामने जिंकले. परंतु २८ मे २०१८ रोजी वॉरियर्सविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात त्यांच्या तीन गुणांच्या सलग २७ फेकी वाया गेल्या आणि ते १०१-९२ असे पराभूत झाले. सरासरी ही शेकडो फेकींची असते. एका रात्रीच्या सामन्याला ती बांधील नसते. मे २०२५ मध्ये न्यूयॉर्कविरुद्ध बॉस्टनने अशा ६० फेकींपैकी ४५ गमावल्या आणि वीस गुणांची आघाडी घेऊनही सामना हातचा घालवला.

८) एकसुरीपणाचा प्रश्न

आज सर्व संघांना एकच हिशेब ठाऊक असल्याने सर्वांचा खेळ सारखा दिसू लागला आहे, असा आक्षेप घेतला जातो. २०२४-२५ मध्ये एकूण फेकींपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक फेकी तीन गुणांच्या होत्या. या आक्षेपात तथ्य आहे. बास्केटकडे पाठ करून, प्रतिस्पर्ध्याला हळूहळू मागे रेटत गुण मिळवण्याची कला किंवा पंधरा फुटांवरून उसळून केलेली फेक यांचे स्थान आक्रसले आहे. एखाद्या कलेचा लाभांश कमी झाला की तिचा सराव थांबतो, आणि सराव थांबला की ती कला पुढील पिढीपर्यंत पोहोचत नाही. लांब पल्ल्याच्या फेकीला पूर्वी जे दुष्टचक्र भोवले, त्यात आता मध्यम पल्ल्याची फेक सापडण्याचा धोका आहे.

तथापि चित्र संपूर्णपणे एकरंगी नाही. बचावपटू बाहेर खेचले गेल्याने आतील जागा मोकळी झाली असून दोन गुणांच्या फेकींची अचूकता साधारण ५४ टक्क्यांपर्यंत वाढली आहे. शंभर फेकींमागे मिळणारे गुण दोन्ही प्रकारांत आता जवळपास समान, म्हणजे १०८ च्या आसपास आहेत. याचा अर्थ लांबच्या फेकीचा मूळ फायदा बव्हंशी वसूल झाला आहे. २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून देणारा सर्बियाचा निकोला योकिच हा सेंटरच आहे. मात्र त्याचे प्रमुख शस्त्र उंची नसून पास आहे. २०२५ चा विजेता संघ ओक्लाहोमा सिटी थंडर याचा प्रमुख खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर मध्यम पल्ल्यावरूनच सर्वाधिक धोकादायक ठरला. सर्वांनी सोडून दिलेल्या जागेचे मोल पुन्हा वाढते, हेच यातून दिसते.

९) भारतीय संदर्भ

एन.बी.ए.चे सामने भारतात प्रथम झाले ते मुंबईत. ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळी येथे सॅक्रामेंटो किंग्स आणि इंडियाना पेसर्स हे संघ परस्परांविरुद्ध खेळले. आपल्याकडील स्पर्धा मात्र आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार होतात. त्या नियमांत तीन गुणांची रेषा १९८४ मध्ये ६.२५ मीटरवर आली आणि २०१० मध्ये ६.७५ मीटरवर नेण्यात आली. चोवीस सेकंदांचे बंधन २००० साली लागू झाले. महाविद्यालयीन मैदानावर नव्या मापाची रेषा आखणे एका दुपारचे काम आहे. त्या रेषेबाहेरून फेक करण्याचा सराव वेळापत्रकात आणणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि खेळ त्यामुळेच बदलतो, हा वरील इतिहासाचा धडा येथेही लागू पडतो.

निष्कर्ष :

१. नियम एका दिवसात बदलतो. त्याचा अर्थ खेळात उतरण्यास एक पिढी लागू शकते.
२. तीन गुणांच्या रेषेची आरंभीची उपेक्षा तर्कसंगत होती. नंतरची उपेक्षा सवयीतून आली होती. विलंबाची ही दोन कारणे वेगळी ओळखणे आवश्यक आहे.
३. नियमांचे परिणाम बहुधा नियमकर्त्यांच्या हेतूपेक्षा वेगळे होतात.
४. शैली घडवण्यात नियमांइतकाच खेळात नव्याने प्रवेश मिळालेल्या समूहांचा वाटा असतो.
५. सर्वाधिक लाभदायक मार्ग सर्वांना ज्ञात झाला की वैविध्य घटते. मात्र त्यातूनच दुर्लक्षित कौशल्यांना पुन्हा संधी निर्माण होते.

समारोप :

१९५० साली प्रेक्षकांसमोर चेंडू दाबून ठेवणारा पिस्टन्सचा संघ आणि २०१८ साली एकामागून एक लांबच्या फेकी करीत राहिलेला रॉकेट्सचा संघ यांच्यात एक साम्य आहे. दोघांनीही नियमांच्या चौकटीत जिंकण्याचा सर्वात हिशेबी मार्ग निवडला होता. जिंकण्यासाठी काय करावे याचे उत्तर अंकगणित देऊ शकते. परंतु कोणता खेळ खेळण्याजोगा आणि पाहण्याजोगा आहे, हे ते सांगू शकत नाही. ते ठरवण्याची जबाबदारी १९५४ प्रमाणेच आजही नियम करणाऱ्यांवर, खेळ शिकवणाऱ्यांवर आणि तो पाहणाऱ्यांवर आहे.